सीटखालची पेटी

"सगळं ठीक आहे ना हो?" सायकल दारातून रस्त्यावर उतरवताना तिनं विचारलं.

"एकदम," तो म्हणाला.

बस, एवढंच बोलणं झालं. सकाळच्या घाईत नवरा-बायको दारात उभं राहून आणखी काय बोलणार? पण बावीस वर्षांच्या संसारात इतकं धडधडीत खोटं तो कधी बोलला नव्हता. तिनं बॅग मागच्या कॅरियरला पट्ट्यानं आवळली, हँडलवरचा खटका दाबला, सायकल घूंऽऽ करत निघाली. कोपऱ्यावर वळताना तिनं मागे न बघताच हात हलवला. घड्याळात नऊला दहा कमी होते.

हा माणूस मोटरी भरणारा. म्हणजे जळालेली मोटर उघडायची, आतली काळी पडलेली तांब्याची तार उपसून काढायची, नवी तार वेढे मोजत भरायची, वार्निश पाजायचं, वाळवायची आणि गिऱ्हाइकाच्या हवाली करायची. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. घराची पुढची खोली म्हणजे दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार, आणि वार्निशचा वास तिन्ही खोल्यांत सारखाच. अठ्ठावीस वर्षं हेच केल्यामुळे मोटरच्या अंगावर नुसता तळवा ठेवून तो सांगायचा, ही अजून किती जगेल. पंपवाला घाबराघुबरा होऊन यायचा, "मिस्त्री, फार तापतेय हो!" हा जायचा, हात लावायचा, नाक जवळ नेऊन वास घ्यायचा आणि म्हणायचा, "आजचा दिवस काढेल. उद्या आणा." आणि बेटी खरंच तेवढा दिवस काढायची! मोटर जळण्याआधी सांगते, असं त्याचं म्हणणं. आधी वास येतो, मग आवाज बदलतो, मग कुठे धूर. ज्याला कान आणि नाक आहे त्याला कसली भीती? एकदाही त्याचा अंदाज चुकला नव्हता, आणि तेच वाईट झालं.

बायको नर्स. दवाखान्यात बसणारी नव्हे, घरोघर जाणारी. टेकडीवरची वस्ती तिच्याकडे. पायथ्यापर्यंत तीन किलोमीटर सपाट रस्ता, पुढे चार किलोमीटर चढ, पाच वळणं, बस तिथे जात नाही. एकोणीस वर्षं ती हा चढ सायकलीनं चढली, कधी पेडल मारत, कधी सायकल हातात धरून. वरच्या प्रत्येक घरातलं दुखणं तिला तोंडपाठ. मग यंदा उजव्या गुडघ्यानं संप पुकारला. साडेनऊला पोचणारी सिस्टर दहाला पोचायला लागली, मग सव्वादहाला, मग एक दिवस चक्क अकराला.

दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरीणबाई बोलायला फटकळ, पण चुकीचं बोलल्या नाहीत. "सिस्टर, ज्याचं इंजेक्शन साडेनऊचं त्याला ते साडेनऊलाच हवं. येत्या एक तारखेपासून पंधरा दिवस रोज वेळेवर वर पोचून दाखवा. एक दिवस चुकला तरी वरची वस्ती दुसरीला देणार, तुम्ही इथे खिडकीत बसून केसपेपर लिहा."

तिथे ती "हो मॅडम" म्हणाली आणि घरी येऊन ढसाढसा रडली. "खुर्चीत बसवून ठेवतील हो मला! दिवसभर नावं लिहायची. वरच्या आजोबांची जखम दुसरी कुणी धुणार आणि मी त्यांचं नाव लिहीत बसू?"

तिची आई गेली तेव्हाचं सोडलं तर तिला रडताना त्यानं पाहिलं नव्हतं. त्याचा तिच्यावर फार जीव होता. बोलून दाखवायची सवय नव्हती, पण होता. तो उठला, चप्पल घातली आणि तडक ड्रॉइंगच्या सरांकडे गेला.

हे सर शाळेतून निवृत्त झालेले. त्यांना छंद रिमोटवरच्या विमानांचा. हातभर, दोन हात लांबीची विमानं घरी बनवून मैदानावर उडवायची. डोळा अधू झाल्यापासून विमानं छताला टांगलेली आणि सामान कपाटात पडून. सरांनी त्याच्यासमोर दोन मोटरी ठेवल्या. मुठीएवढ्या! हा हसायलाच लागला. "सर, यातली एक माझ्या बायकोला चढ चढवणार?"

"मिस्त्री, ही मोटर पंधरा किलोचं विमान जमिनीवरून उचलते," सर शांतपणे म्हणाले. "तुम्ही फक्त तिला शहाणी करा."

पहिली मोटर त्यानं आहे तशी लावली, स्वतःच बसून बघितली आणि तिसऱ्या वळणाशी जाळली. तिची घाई विमानाच्या पात्याची, आणि सायकलीला घाई नको, जोर हवा. जळकी मोटर खिशात घालून तो सायकल ढकलत घरी आला, तेव्हा बायको पोट धरून हसली. "अख्खी मोटर खिशात घेऊन फिरणारा मिस्त्री मी पहिल्यांदाच बघितला!" मग मात्र तो इरेला पेटला. दुसऱ्या मोटरची कारखान्यातली तार काढून टाकली, बारीक तारेचे जास्त वेढे भरले, म्हणजे ती फिरणार सावकाश आणि ओढणार जोरात. बोटांची चाळण झाली. दोन साखळ्या आणि लहान-मोठी चक्रं लावून वेग आणखी खाली आणला. सीटखाली पत्र्याची पेटी बसवली, आतून चारी बाजूंनी फोम लावला आणि त्यात सरांनी दिलेल्या दोन बॅटऱ्या ठेवल्या.

बॅटऱ्या देताना सरांनी बोट वर करून सांगितलं होतं. "या चार एका खोक्यातल्या. दोन तुम्ही न्या, दोन माझ्याकडे राहू द्या. वरचं आवरण मऊ असतं. आपटायच्या नाहीत, दाबायच्या नाहीत, चार्जिंग चालू असताना तिथून हलायचं नाही. आणि कधी फुगली, जराशी जरी फुगली, तर आधी मला सांगायचं."

"हो सर," तो म्हणाला होता. डॉक्टर 'तेलकट बंद करा' म्हणतात तेव्हा आपण म्हणतो ना, तसंच.

चौदा दिवस सायकल अशी चालली की विचारू नका. तिनं हलकं पेडल मारायचं, खटका दाबायचा, आणि चढ आपोआप मागे जायचा. रोज नऊ वीसला सिस्टर वर हजर. वस्तीतल्या बायका गंमत करायच्या, "सिस्टर, तुम्ही आता उडतच येता!" आणि ही घरी येऊन सगळं रंगवून सांगायची. तिचा चेहरा बघून त्याला वाटायचं, आयुष्यात एक काम तरी मनासारखं झालं.

आणि मग कालची संध्याकाळ. चार्जिंगसाठी पेटी उघडली, तर एक बॅटरी नेहमीसारखी सुटून येईना. ओढून काढली. साबणाच्या वडीसारखी सपाट असायची ती, आज तिला पोट आलं होतं. फार नाही, जरासं. त्यानं अंगठ्यानं दाबून पाहिलं, तर आत मऊ लागलं.

सरांचं घर दहा मिनिटांवर. जाऊन सांगितलं असतं तर सरांनी ती तिथेच काढून घेतली असती, आणि त्यांच्याकडे उरलेल्या दोन चांगल्या आहेत की नाहीत, कोण जाणे. आणि उद्या पंधरावा दिवस! आत बायको उद्याचा युनिफॉर्म इस्त्री करत होती, इस्त्री करता करता गुणगुणत होती. त्यानं बॅटरीवर तळवा ठेवला. गार होती. नाक जवळ नेलं. काही खास वास नाही. आणि अठ्ठावीस वर्षांची जीभ आपोआप वळली. "उद्याचा दिवस काढेल," तो स्वतःशीच म्हणाला.

चार्ज केल्यावर पोट आणखी वाढलं आणि ती पेटीत जाईना. तेव्हा तरी शहाणपण सुचावं की नाही? नाही सुचलं. त्यानं पातं घेतलं, त्या बाजूचा फोम खरवडून काढला, बॅटरी अंगठ्यांनी आत रेटली, झाकण दाबून चारही स्क्रू आवळले. जेवताना त्यानं अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवली. तिनं विचारलं तर डोकं दुखतंय म्हणाला.

आता ती कोपऱ्यावर वळून गेल्यावर मिस्त्री कामाला बसला. समोर स्टुलावर गिरणीवाला ठाण मांडून बसलेला. त्याच्या गिरणीची मोटर सोललेल्या अवस्थेत टेबलावर होती आणि ती हातात पडल्याशिवाय तो हलणार नव्हता. मिस्त्री तार गुंडाळायला लागला. बेचाळीसपर्यंत मोजलं आणि विसरला. पुन्हा पहिल्यापासून. एकतीसला पुन्हा विसरला.

"मिस्त्री, लक्ष कुठंय?" गिरणीवाला म्हणाला. "तिकडे लोक दळण घेऊन माझ्या नावानं शंख करतायत!"

एवढ्यात ड्रॉइंगचे सर दारात आले. धापा टाकत होते, शर्टाच्या बाह्या काळ्या, एका भुवईचे केस करपलेले.

"मिस्त्री, बॅटऱ्या कुठे आहेत?"

"सायकलवर. का हो सर?"

"माझ्याकडची एक आज सकाळी पेटली. कुणी हात लावला नव्हता, चार्जिंगला नव्हती, नुसती पडून होती! काल थोडी फुगलेली दिसली म्हणून अंगणात वाळूच्या कुंडीत ठेवली, म्हणून घर वाचलं. तुमच्या त्याच खोक्यातल्या. तुमची एखादी फुगलेली नाही ना?"

मिस्त्रीच्या हातातली तार सुटली आणि वेढे भराभर उलगडले. "एक," तो म्हणाला. "जराशी."

"कधीपासून?"

"काल संध्याकाळी दिसली."

"चार्ज केलीत?"

"पूर्ण."

"पेटीत मोकळी बसली?"

"नाही. फोम काढला, तेव्हा बसली."

सर रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "चढाला लागली की सगळा जोर त्या बॅटऱ्यांतून ओढला जाणार. मिस्त्री, ही पेटायच्या आधी कळवत नाही हो. ही मोटर नाही."

मिस्त्री उठला. त्यानं फोन लावला. घंटी वाजत राहिली. ती फोन बॅगच्या तळाशी ठेवायची, कारण मागे एकदा चालत्या सायकलीवर फोन घेताना पडली होती आणि तेव्हा यानंच तिला दम दिला होता. पुन्हा लावला. पुन्हा नुसतीच घंटी.

"चावी द्या," तो गिरणीवाल्याला म्हणाला. दारात त्याची स्कूटर उभी होती.

"अहो, पण माझी मोटर..."

"चावी द्या हो!" तो असा ओरडला की गिरणीवाल्यानं घाबरून चावीबरोबर खिशातला रुमालही पुढे केला.

समोर घराचं बांधकाम चाललं होतं. सरांनी दुकानातली बादली उचलली, तिथल्या ढिगातली वाळू तिच्यात भरली आणि मांडीवर बादली घेऊन स्कूटरवर मागे बसले. एरवी ही वरात बघून रस्ताभर लोक हसले असते, आणि काही हसलेही. नऊ वाजून सहा मिनिटं झाली होती. ती नऊच्या सुमाराला पायथ्याशी पोचली असणार, म्हणजे आता चढावर असणार. मिस्त्री मनातल्या मनात तिच्यामागे मीटर मोजत होता. पहिलं वळण. आता दुसरं येईल.

ओढ्यावरच्या अरुंद पुलावर विटांचा ट्रक मागे घेत होता. क्लीनर खाली उभा राहून "येऊ दे, येऊ दे" करत होता आणि ट्रक बोटबोट सरकत होता. मिस्त्रीनं हॉर्नवरचा अंगठा काढलाच नाही. "कान फुटले का रे? जाऊ दे मला!" क्लीनरनं वळून पाहिलं, दोन घामेजलेले इसम आणि एक वाळूची बादली दिसली, आणि त्यानं आणखी सावकाश हात हलवला. मिस्त्रीला रडू फुटायचं बाकी होतं. शेवटी ट्रक आणि कठडा यांच्यामधल्या फटीत त्यानं स्कूटर घातली. सरांचा गुडघा कठड्याला खरवडला. ते "चला, चला" एवढंच म्हणाले.

एकदाचा चढ लागला. स्कूटर जुनी, वर दोन माणसं आणि वाळू. दुसऱ्या वळणाला ती कण्हायला लागली, तिसऱ्याला जवळजवळ थांबलीच. आणि तिथून वर पाहिलं तर डोक्यावरच्या रस्त्यावर, चौथ्या वळणाच्या पुढे, ती दिसली! पांढरा युनिफॉर्म, ताठ पाठ, झकास चालली होती.

"अगंऽऽ थांब! थांऽऽब!" मिस्त्री स्कूटर थांबवून दोन्ही हात हलवायला लागला, मागून सरही.

तिनं आवाज ऐकून खाली बघितलं. नवरा आणि सर, दोघं हात हलवतायत. तिचा चेहरा असा फुलला की खालून इतक्या लांबून कळलं. तिला वाटलं, पंधरावा दिवस म्हणून आपल्याला शाबासकी द्यायला आलेत! तिनं सायकलची घंटी तीनदा वाजवली, हात उंच केला, आणि खटका पूर्ण दाबून वेग वाढवला.

"नको गं, नको!" मिस्त्री म्हणाला, पण आता ते फक्त सरांना ऐकू गेलं.

"मी उतरतो," सर म्हणाले. "तुमच्या एकट्याचं वजन ओढेल ती. बादली पायाशी ठेवा. पळा!"

सर उतरले आणि स्कूटरनं उसळी घेतली. पाचव्या वळणाच्या पुढे, वस्तीची पहिली घरं दिसायला लागतात तिथे, त्यानं तिला गाठलं, पुढे गेला आणि स्कूटर आडवी घातली. तिनं करकचून ब्रेक मारला.

"अहो, वेड लागलं का? पडले असते ना मी!"

"उतर! आधी उतर!"

"पण साडेनऊ..."

तेव्हा पेटीतून आवाज आला. सूंऽऽ असा, उकळत्या कुकरची शिट्टी अडल्यासारखा. मिस्त्रीनं तिचा दंड धरला आणि जिवाच्या आकांतानं ओढलं. ती सायकलीवरून त्याच्या अंगावर आली, दोघंही रस्त्यावर आपटले, ती नेमकी दुखऱ्या गुडघ्यावर. पेटीच्या फटींतून दाट पांढरा धूर सुटला, झाकण फाडकन उघडलं आणि सीटच्या जागी, जिथे ती चार श्वासांपूर्वी बसली होती, हातभर जाळ उभा राहिला.

"माझी बॅग!" ती किंचाळली आणि गुडघ्यावरच पुढे सरकली. "आजोबांचं इंजेक्शन आहे त्यात!"

त्यानं तिला मागे ढकललं आणि स्वतः गेला. पट्ट्याची गाठ सुटेना. डाव्या हाताच्या पाठीवर जाळ आला तरी त्यानं धरून ओढलं, पट्टा तुटला, बॅग एका कोपऱ्यात करपून हातात आली. मग बादली उचलून सगळी वाळू पेटीवर ओतली. जाळ दबला. जिवात जीव येतो न येतो तोच आतली दुसरी बॅटरी फुटली आणि वाळू चहूकडे उडाली. दोघं रस्त्याकडेच्या दरडीला पाठ लावून बघत राहिले. सीट वितळून गेली. त्यानं बोटांची चाळण करून भरलेली मोटर पेटली, आणि जळक्या वार्निशचा वास आला. सगळं होऊन गेल्यावर आला.

वस्तीतून दोन बायका आणि एक गवंडी धावत आले. "सिस्टर, लागलं का? मिस्त्री, देवासारखे धावून आलात हो! पण तुम्हाला कळलं कसं?"

तिनं त्याच्या कोपराला धरलं होतं आणि तिच्या आवाजात अभिमान होता. "त्यांना कळतं," ती म्हणाली. "यंत्राचं काही बिघडायचं असलं की त्यांना घरी बसून कळतं. मी म्हणते ना नेहमी!" आणि ती एकदम हसायला आणि रडायला लागली.

तोवर सर वर पोचले. त्यांनी राख बघितली, तिला धडधाकट बघितलं, मग मिस्त्रीकडे बघितलं, आणि चष्मा काढून पुसत बसले. ते काही बोलणार नव्हते, हे मिस्त्रीला कळलं. गिरणीवाल्यानं जे ऐकलं होतं त्यातलं त्याला ओ की ठो कळलेलं नसणार. त्यानं नुसतं गप्प बसायचं होतं. बस, गप्प बसायचं, आणि जन्मभर ती चारचौघांत हीच गोष्ट सांगत राहिली असती.

ती रस्त्यावरच बसून बॅगेतून मलम काढून त्याच्या हाताला पट्टी बांधायला लागली होती. "केवढं भाजलंय! तुम्ही आला नसतात तर मी..."

"मला काल संध्याकाळीच माहीत होतं," तो म्हणाला.

तिचे हात थांबले. "काय माहीत होतं?"

"बॅटरी फुगली होती. फुगली तर सांगा, असं सरांनी बजावलं होतं. नाही सांगितलं. आत बसेना म्हणून फोम काढून कोंबली. वाटलं, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. तुझी वस्ती जाऊ नये म्हणून..." आणि हे बोलताना त्याला स्वतःलाच ते कारण ऐकवेना. "तशी बसवून तुला वर पाठवली."

"मी विचारलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"दारात विचारलं होतं तुम्हाला. सगळं ठीक आहे ना म्हणून."

"हो."

मघाशी कौतुक करणाऱ्या बायका आता दुसरीकडे बघायला लागल्या. तिनं पट्टी पूर्ण केली. सैल नाही, घट्ट नाही, कुठल्याही पेशंटला बांधते तशी, आणि तशीच नीटनेटकी गाठ मारली. तिनं आदळआपट केली असती, चार शिव्या हासडल्या असत्या, तर त्यानं आनंदानं खाल्ल्या असत्या. ती एका बाईच्या खांद्याचा आधार घेऊन उठली. त्यानं आपला हात पुढे केला होता, तो तिनं घेतला नाही. बॅग मात्र त्याच्याकडे दिली, कारण तिला ती उचलवत नव्हती.

वस्तीतलं पहिलं घर आजोबांचं. एरवी दोन मिनिटांची वाट, पण ती एका पायावर लंगडत, थांबत चालली. मिस्त्री चार पावलं मागून येत राहिला. घरात आजोबा खाटेवर पडल्या पडल्या दाराकडे डोळे लावून होते. "आलीस का गं बाई?" ते म्हणाले. "आले हो," ती म्हणाली आणि मोरीकडे हात धुवायला गेली.

पोचल्याची वेळ पहिल्या घरी दवाखान्याच्या वहीत लिहायची असते. आजोबांच्या सुनेनं बॅगेतून वही काढली. "सिस्टर, साडेनऊ लिहा," ती म्हणाली. "आम्ही कुणी काही बोलणार नाही. एवढ्या आगीतून आलात. तुम्हाला खिडकीत बसवलं तर आम्ही काय करायचं?"

सिस्टरचं घड्याळ रस्त्यावर आपटून फुटलं होतं. तिनं साबणाचे हात कोपरापर्यंत घासत, पाठमोरीच विचारलं, "अहो, किती वाजलेत?"

मिस्त्री उंबऱ्यात उभा होता. त्यानं मनगट वर केलं. सून त्याच्याकडे डोळ्यांनी विनवत होती, आणि खाटेवरचे आजोबाही बघत होते. मोरीतल्या नळाचं पाणी तेवढं वाहत होतं.

"नऊ एक्केचाळीस," तो म्हणाला.

तिनं नळ बंद केला, हात पुसले, सुनेच्या हातातली वही घेऊन त्याच्यापुढे धरली. "लिहा," ती म्हणाली.

त्यानं पेन घेतलं आणि पंधराव्या दिवसासमोर नऊ एक्केचाळीस असं लिहिलं. तिनं आकडा वाचला, त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि खाली सही केली.